नवा स्पेक्ट्रम येतो कुठून, आणि एवढा वेळ का लागतो?

प्रश्न असा आहे: "पुण्यात विमाननगरला राहतो. फोनवर ५जीचं चिन्ह दिसतं, पण संध्याकाळी आठनंतर व्हिडिओ अडकतो. कंपनीचा माणूस म्हणतो, स्पेक्ट्रम कमी पडतो. मग सरकार आणखी स्पेक्ट्रम का देत नाही? आणि तोवर निदान टॉवर तरी का वाढवत नाहीत?"

मी रेडिओ प्लॅनिंगमध्ये आहे. महाराष्ट्र (यात गोवा येतो, मुंबई येत नाही) आणि मुंबई या दोन्ही सर्कलमध्ये (मोबाइल परवान्यांच्या विभागांत) काम केलंय, त्यामुळे हा प्रश्न नातेवाइकांकडूनही ऐकतो. एका वाक्यात सांगायचं तर कामाचा स्पेक्ट्रम, म्हणजे फोन आणि टॉवर ज्यावर बोलतात ते रेडिओ लहरींचे पट्टे, रिकामा असा कुठे पडलेला नाही. जो मिळतो तो आधी कुणाच्या तरी ताब्यातून मोकळा करून घ्यावा लागतो. लिलावाची बातमी येते तेव्हा खरं काम बहुतेक उरकलेलं असतं, किंवा उरकलेलं नसेल तर लिलाव फसतो.

आधी गरज किती आहे ते बघू. टॉवरवर साधारण तीन दिशांना अँटेना असतात, एकेका दिशेला आम्ही सेक्टर म्हणतो. ४जीला डाउनलिंकसाठी (टॉवरकडून फोनकडे) १० मेगाहर्ट्झ दिले, तर जाहिरातीतला वेग निघतो ७५ एमबीपीएस. तो मिळतो टॉवरच्या समोर उभ्या असलेल्या एकट्या माणसाला. प्रत्यक्षात कुणी तीन भिंतींच्या आड, कुणी सेलच्या, म्हणजे सेक्टरच्या टप्प्याच्या, कडेला, कुणी लिफ्टमध्ये. सगळ्यांचा मेळ घातला की पूर्ण सेक्टरचे मिळून पंधरा-वीस एमबीपीएस निघतात. त्या सेक्टरमध्ये पन्नास जण एकाच वेळी मॅच बघायला बसले की माणशी चारशे केबीपीएस धरा. चित्र अडकणारच.

आता हेच ३३०० मेगाहर्ट्झच्या बँडमध्ये १०० मेगाहर्ट्झ देऊन बघा (३३०० हा पट्ट्याचा पत्ता, १०० ही त्याची रुंदी). तिथे एकच पट्टा डाउनलिंक आणि अपलिंक (फोनकडून टॉवरकडे) आळीपाळीने वापरतात, वर मॅसिव्ह मायमोचा अँटेना असतो, जो एकाच वेळी वेगवेगळ्या फोनकडे वेगवेगळे झोत सोडतो. त्याच सेक्टरमधून तीनशे-चारशे एमबीपीएस निघतात. म्हणजे पट्टा दहापट आणि फायदा वीसपट. २०१४ मध्ये भारतात एका ग्राहकाचा महिन्याचा सरासरी डेटा एक जीबीसुद्धा नव्हता, आज तो २० जीबीच्या पुढे आहे. हे ओझं जुन्या पट्ट्यांवर पेलणं शक्यच नव्हतं.

टॉवर वाढवण्याचा उपाय आम्ही रोज करतो. पण सगळे टॉवर एकाच फ्रिक्वेन्सीवर बोलतात. दोन साइट फार जवळ आल्या की एकीचा सिग्नल दुसरीचा गोंगाट होतो, आणि दाट वस्तीत एका मर्यादेनंतर नवा टॉवर टाकून मिळतं त्यापेक्षा जास्त शेजारच्या सेलमधून जातं. त्यात गच्ची मिळायला हवी, सोसायटीची सभा पार पडायला हवी, आणि साइटपर्यंत फायबर यायला हवी. फायबर नसेल तर टॉवर ते टॉवर मायक्रोवेव्ह लिंक टाकतात, आणि तिलाही स्पेक्ट्रमच लागतो! सभेत नेट चालत नाही म्हणून सगळ्यात मोठ्याने ओरडणारे गृहस्थच बहुधा टॉवरला विरोध करणाऱ्यांत पुढे असतात, हे जाता जाता.

आणखी एक गोष्ट टॉवर वाढवून सुटत नाही: बेकायदा बूस्टर, म्हणजे सिग्नल वाढवायला लावलेली यंत्रं. मुंबईत जुन्या बाजारपेठांत, तळघरांतल्या दुकानांत हे डबे सर्रास दिसतात. अपलिंकचा गोंगाट शांत सेलमध्ये एका रिसोर्स ब्लॉकमागे (फोनला वाटून दिल्या जाणाऱ्या पट्ट्याच्या लहान तुकड्यामागे) उणे ११८-११९ डीबीएम असतो; डीबीएम हे ताकद मोजायचं एकक. एक बूस्टर बिघडून शिट्टी मारू लागला की तो उणे १०५ वर येतो. आकडा लहान वाटतो, पण गोंगाट वीसपट वाढला असा त्याचा अर्थ. दुकानदाराचा फोन फुल्ल दांड्या दाखवतो आणि गल्लीतल्या बाकीच्यांचा कॉल लागत नाही. अशा वेळी विकत घेतलेल्या स्पेक्ट्रमचा एक तुकडा आम्ही अक्षरशः गमावून बसलेलो असतो.

आता मूळ मुद्द्यावर येतो. स्पेक्ट्रम मोकळा करायचा म्हणजे कुणाकडून?

सगळ्यात मोठा धारक म्हणजे सैन्यदलं. त्यांच्याकडून स्पेक्ट्रम मागायचा तर त्यांच्या संपर्काची पर्यायी सोय आधी करावी लागते. म्हणून 'नेटवर्क फॉर स्पेक्ट्रम' हा प्रकल्प आला: सैन्याला स्वतंत्र ऑप्टिकल फायबरचं जाळं टाकून द्यायचं. जुलै २०१२ मध्ये मंत्रिमंडळाने त्यासाठी १३,३३४ कोटी मंजूर केले, मे २०१८ मध्ये त्यात आणखी ११,३३० कोटींची भर घालावी लागली. जमिनीत फायबर पुरायची आणि त्याच्या बदल्यात हवेतली जागा घ्यायची, असा हा सौदा. लोक लिलावातली कमाई मोजतात. हा खर्च कुणी मोजत नाही. जानेवारी २०१५ मध्ये आणखी एक अदलाबदल ठरली: सैन्याने २१०० च्या बँडमधले १५ मेगाहर्ट्झ सोडायचे आणि त्या बदल्यात १९०० च्या बँडमधले घ्यायचे. वाचायला ही एक ओळ आहे. पण जुनी उपकरणं बदलल्याशिवाय अशी अदलाबदल होत नाही, आणि सैन्याची उपकरणं फोनसारखी दोन वर्षांनी बदलत नाहीत.

दुसरी अडचण तुकड्यांची, आणि हिच्याबद्दल बाहेर फारसं बोललं जात नाही. २जीच्या काळात स्पेक्ट्रम लायसन्सबरोबर मिळायचा, सुरुवातीला ४.४ मेगाहर्ट्झ, ग्राहक वाढले की ६.२. जीएसएमची वाहिनी २०० किलोहर्ट्झची, त्यामुळे तेव्हा हे चालून गेलं. तुकडा कुठेही असो, बसवता येत होता. ४जीला सलग पट्टा लागतो, व्यवहारात ३, ५, १०, १५ किंवा २० मेगाहर्ट्झचा. ४.४ मध्ये ५ चा कॅरियर (असा एक सलग पट्टा) बसत नाही. ३ चा बसवला की वरचे १.४ वाया. त्यात तुमचा एक तुकडा इथे, दुसरा तिथे, मध्ये दुसऱ्या कंपनीचा किंवा सैन्याचा. १८०० च्या बँडमध्ये सगळ्यांचे तुकडे हलवून सलग करून घेण्याचं काम झालं तेव्हा नवा एक मेगाहर्ट्झही न येता क्षमता वाढली. माझ्या मते आजवरचा सगळ्यात स्वस्त 'नवा' स्पेक्ट्रम हाच. २०२३ च्या दूरसंचार कायद्याने न वापरलेला स्पेक्ट्रम परत घेण्याचा आणि एकाला दिलेला स्पेक्ट्रम दुसऱ्यालाही वापरू देण्याचा अधिकार सरकारला दिलाय. तो किती नेटाने वापरतात ते बघायचं.

दूरदर्शनचे जुने ॲनालॉग ट्रान्समीटर बंद झाले आणि ६०० चा बँड लिलावात आला. २०२२ मध्ये त्याला एकही बोली लागली नाही. त्या बँडची उपकरणं आणि फोन इथे पुरेसे नव्हते, म्हणून त्यात कुणी पैसे अडकवले नाहीत. एवढंच.

३३०० च्या बँडची गोष्ट मात्र सविस्तर सांगायला हवी, कारण तुमचा ५जी मुख्यतः तिथे आहे. ३३०० ते ३६७० हा पट्टा लिलावात आला. त्याच्या वर, ३७०० ते ४२०० मध्ये, सी बँडचे उपग्रह टीव्ही चॅनेल खाली पाठवतात. केबलवाल्याच्या गच्चीवरची मोठी जाळीची डिश याच बँडवर असते. छत्तीस हजार किलोमीटरवरून आलेला तो सिग्नल अतिशय क्षीण. डिशच्या तोंडाशी सिग्नल पकडून वाढवणारा जो एलएनबी असतो, तो जुन्या पद्धतीचा असेल तर ३४०० पासून पुढचं सगळं आत घेतो. शेजारच्या इमारतीवर ५जी सुरू झालं की एलएनबी गुदमरतो. आमचा सिग्नल त्याच्या चॅनेलवर नसतोच, तरीही.

तालुक्याच्या एका गावी असंच झालं. नवी साइट चालू केली आणि केबलवाल्याचे फोन सुरू झाले: चित्राचे चौकोन पडतात, काही चॅनेल पूर्ण गेलेत. गंमत म्हणजे सकाळी तक्रार नव्हती, संध्याकाळी होती. कारण सरळ होतं. सेलवर भार नसताना ५जीचा टॉवर बराचसा गप्प असतो, गर्दी वाढली की पूर्ण ताकदीने बोलतो. आम्ही आधी त्या दिशेचा सेक्टर बंद करून खात्री केली, मग त्याच्या एलएनबीच्या पुढे ३७०० ते ४२०० एवढंच आत सोडणारा बँड-पास फिल्टर बसवला. चित्र परत आलं. हा फिल्टर म्हणजे धातूचा एक तुकडा, दुसरं काही नाही. पण देशातल्या किती गच्च्यांवर तो बसवावा लागेल याचा अंदाज करा, आणि पैसे कुणी द्यायचे यावरचा वाद त्यात धरा. अमेरिकेने ३७०० च्या वरचा पट्टा उपग्रह कंपन्यांकडून मोकळा करून घेतला तेव्हा लवकर हलण्यासाठी त्यांना ९ अब्ज डॉलरहून जास्त रक्कम द्यायचं ठरलं, आणि लिलावात ८१ अब्ज डॉलर आले. तिथे निदान हलवणुकीचा हिशोब उघड होता.

विमाननगरचं उत्तर याच बँडच्या दुसऱ्या शेजाऱ्यात आहे. विमानं जमिनीपासूनची उंची मोजायला रेडिओ अल्टिमीटर वापरतात, तो ४२०० ते ४४०० मध्ये चालतो. जानेवारी २०२२ मध्ये अमेरिकेत यावरून गोंधळ झाला, एअर इंडियालाही तिकडच्या फेऱ्या रद्द कराव्या लागल्या. आपला पट्टा ३६७० ला संपतो, म्हणजे अंतर अमेरिकेपेक्षा जास्त आहे. तरी नोव्हेंबर २०२२ च्या अखेरीस दूरसंचार खात्याने पुण्यासह विमानतळांसाठी कंपन्यांना पत्र पाठवलं. धावपट्टीच्या दोन्ही टोकांपासून २१०० मीटर आणि मध्यरेषेपासून बाजूला ९१० मीटर या पट्ट्यात ३३०० चं ५जी बसवायचं नाही. त्यापुढच्या ५४० मीटरमध्ये कमी ताकदीने. विमानांचे अल्टिमीटर बदलून होईपर्यंतची ही अट.

विमाननगर धावपट्टीच्या बाजूलाच आहे. नकाशावर तुमची इमारत मोजून बघा. त्या पट्ट्यात येत असाल तर फोनवरचं ५जीचं चिन्ह बहुधा ७०० किंवा दुसऱ्या खालच्या बँडचं असणार. ७०० चा सिग्नल भिंती सहज पार करतो, ३३०० च्या बँडमधल्या ३५०० च्या तुलनेत त्याला मोकळ्या हवेतच १४ डीबीचा फायदा आहे, म्हणजे पंचवीसपट. पण पट्टा फक्त १० मेगाहर्ट्झचा. चिन्ह ५जीचं आणि रस्ता ४जीच्याच रुंदीचा. तुमच्या कंपनीचा माणूस खोटं बोलला नाही, त्याने अर्धंच सांगितलं: कंपनीकडे स्पेक्ट्रम आहे, तुमच्या डोक्यावर तो लावता येत नाही.

आता किमतीकडे येतो, कारण वेळ वाया जाण्याचं दुसरं मोठं कारण ती आहे. हाच ७०० चा बँड २०१६ मध्ये लिलावात आला होता. राखीव किंमत (सरकारने ठरवलेली किमान बोली) देशभरासाठी एका मेगाहर्ट्झला ११,४८५ कोटी. एकही बोली नाही. मार्च २०२१ मध्ये ६,५६८ कोटी, पुन्हा कुणी नाही. २०२२ मध्ये ३,९२७ कोटींवर आणला तेव्हा जिओने २२ ही सर्कलमध्ये १० मेगाहर्ट्झ घेतले, बाकीच्यांनी तेव्हाही हात लावला नाही. म्हणजे दूरवर पोचणारा, खेड्यांसाठी सर्वांत उपयोगी बँड सहा वर्षं नुसता पडून राहिला. कोळसा यंदा काढला नाही तर पुढच्या वर्षी निघतो. न वापरलेल्या स्पेक्ट्रमचं वर्ष परत येत नाही. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने २जीची १२२ लायसन्स रद्द केल्यापासून किंमत कमी ठेवली असा ठपका येईल ही धास्ती प्रत्येक अधिकाऱ्याच्या मनात बसली, आणि ती समजण्यासारखी आहे. पण जास्त किंमत लावून स्पेक्ट्रम न विकल्याबद्दल कुणाची चौकशी झाल्याचं मी ऐकलेलं नाही.

२०२२ च्या लिलावात हे बरंच सुधारलं. आधी भरायची मोठी रक्कम नाही, वीस वार्षिक हप्ते, दहा वर्षांनी स्पेक्ट्रम परत करायची मुभा, आणि नव्या स्पेक्ट्रमवर वापरशुल्क नाही. सात दिवसांत १,५०,१७३ कोटींची विक्री झाली, देऊ केलेल्यापैकी ७१ टक्के स्पेक्ट्रम गेला. मग जून २०२४ मध्ये ९६ हजार कोटींहून जास्त किमतीचा स्पेक्ट्रम मांडला, आणि दुसऱ्या दिवशी लिलाव आटोपला तेव्हा हाती आले ११,३४० कोटी. यावरून "मागणीच नाही" असे लेख आले. तसं नाही. दोन मोठ्या कंपन्यांकडे ३३०० चे शंभर-शंभर मेगाहर्ट्झ नुकतेच आले होते आणि ते अजून भरायचे होते. २६ गिगाहर्ट्झ तर ढीगभर घेऊन ठेवलाय, पण त्याचा सिग्नल झाडाच्या फांदीनेही अडतो; घराला वायरलेस इंटरनेट देण्यापलीकडे आज तरी त्याचा मोठा उपयोग नाही. तेव्हा "किती मेगाहर्ट्झ विकले" या आकड्याला फार महत्त्व देऊ नका. २०२२ च्या ५१ हजार मेगाहर्ट्झमध्ये सिंहाचा वाटा या २६ गिगाहर्ट्झचाच होता.

खरी टंचाई मधल्या बँडची आहे, साधारण २ ते ७ गिगाहर्ट्झमधल्या सलग पट्ट्यांची. सरकारच्या हिशोबाने २०३० पर्यंत सुमारे २००० मेगाहर्ट्झ लागतील, हाती ९०० च्या आसपास आहेत, आणि आणखी ६८७ मोकळे करायला मंत्रिमंडळाने मंजुरी दिल्याचं जानेवारी २०२५ मध्ये सांगण्यात आलं. २००० हा आकडा मी चिमूटभर मीठ घालूनच घेतो. असे आकडे मागणाऱ्यांच्याच अभ्यासातून येतात. दिशा मात्र बरोबर आहे.

यातला कळीचा पट्टा ६ गिगाहर्ट्झ. त्यावर वाय-फायवाले आणि मोबाइलवाले यांचं जगभर भांडण चाललं. भारताने मधला मार्ग धरला: ५९२५ ते ६४२५ हे खालचे ५०० मेगाहर्ट्झ वाय-फायला लायसन्सशिवाय खुले करण्याच्या नियमांचा मसुदा मे २०२५ मध्ये आला, आणि ६४२५ ते ७१२५ हा वरचा भाग मोबाइलसाठी राखायचा. मला हे पटतं. घरातला बहुतेक डेटा शेवटी वाय-फायवरच जातो, आणि तो तिथे गेला तर माझ्या सेक्टरचाच भार हलका होतो. सगळे १२०० मोबाइलला हवेत असं म्हणणारे माझे सहकारी आहेत. त्यांच्याशी माझं जमत नाही.

वरच्या ७०० मध्येही उपग्रह आहेत, पण इथे दिशा उलटी आहे. जमिनीवरून वर जाणारा सिग्नल या बँडमध्ये असतो, म्हणजे ऐकणारा कान अवकाशात आहे. केबलवाल्याच्या गच्चीवर फिल्टर लावत फिरायची गरज नाही. त्याऐवजी लाखो टॉवरची वर सांडणारी ऊर्जा एकत्र होऊन उपग्रहाला त्रास देणार नाही हे बघायचं. डिसेंबर २०२३ मध्ये दुबईतल्या जागतिक रेडिओ परिषदेने नेमकं तेच केलं: अँटेनाने क्षितिजाच्या वर कोणत्या कोनात किती ताकद सोडावी याच्या मर्यादा घातल्या. हे अँटेना बनवणाऱ्याच्या हातात आहे, कारखान्यात एकदा सुटतं. म्हणून ३७०० च्या वर सरकण्यापेक्षा हा बँड आधी घ्यावा असं माझं मत आहे. मात्र त्याच परिषदेत ७०२५ ते ७१२५ एवढाच भाग आपल्या संपूर्ण विभागासाठी मोबाइलला निश्चित झाला, आणि मधल्या काही भागावर आपल्याच उपग्रहांचा वापर चालू आहे. त्यामुळे सगळे ७०० एकदम हाती येणार नाहीत, टप्प्याटप्प्याने येतील. लिलाव घाईने करून बँड अर्धवट मोकळा असताना विकू नये एवढीच अपेक्षा आहे. अर्धवट पट्टा म्हणजे पुन्हा ४.४ ची कथा.

तोवर तुम्ही काय करायचं? फोन जुना असेल तर त्याच्या माहितीत एन-७८ (३३०० चा बँड) आणि एन-२८ (७०० चा) आहेत का ते बघा. स्वस्त मॉडेलमध्ये दुसरा कधी कधी नसतो. एन-१०४, म्हणजे ६ गिगाहर्ट्झचा वरचा भाग, त्यासाठी आत्ता जादा पैसे मोजू नका. घरात फायबरची जोडणी मिळत असेल तर ती घ्या आणि 'वाय-फाय कॉलिंग' चालू ठेवा. आणि दुकानात कुणी बूस्टर विकत घ्या म्हणालं तर घेऊ नका.